डाव्या कुशीवर

पोटुशी बाईला वाईट बातमी सांगायची नाही, हा आमच्याकडचा कायदा. घरातलं कुणी गेलं तरी तिला कळू द्यायचं नाही. माझ्या सासूबाईंचे भाऊ वारले तेव्हा मी सातव्या महिन्यात होते. मला सांगितलं, मामा काशीला गेले. मी इतकी शहाणी, की बाळंतपणानंतर महिनाभर विचारत होते, मामांनी माझ्यासाठी गंगेचं पाणी आणलं का. सगळं घर तोंडाला पदर लावून हसायचं, आणि मला वाटायचं माझ्या भोळ्या भक्तीचं कौतुक चाललंय.

तोच कायदा मी माझ्या लेकीला लावला. त्याचं काय झालं ते लिहिते आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, त्यामुळे डॉक्टरी भाषा यात सापडणार नाही. पण ज्यांच्या घरी लेक किंवा सून ऑपरेशनच्या तारखेची वाट बघत असेल, त्यांनी वाचावं.

सोनोग्राफी

अश्विनी माझी धाकटी. तीर्थपुरीला दिलेली. जावई गणेशराव यांचं तिथं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे आणि थोडी मोसंबीची बाग आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मी तिला बदनापूरला घेऊन आले. पोटात जुळं होतं. गल्लीतल्या बाया येऊन पोटाकडं बघायच्या आणि मला म्हणायच्या, आजीबाई, आता दोन-दोन पाळणे टांगा. मी म्हणायचे, पाळणा एकच टांगीन, दोघं भांडून मोठे होऊ द्या.

आठव्या महिन्यात जालन्याला दाखवायला नेलं. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांचा हात एका जागी थांबला. तिथंच फिरत राहिला, परत थांबला. मी पडद्याकडं बघत होते. मला त्यातलं एवढंच कळायचं, की एरवी काहीतरी लुकलुकतं.

आमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी अश्विनीला बाहेर बसवलं आणि गणेशरावांना व मला आत घेतलं. म्हणाल्या, डाव्या बाजूच्या बाळाचं हृदय बंद पडलंय. उजव्या बाजूचं व्यवस्थित आहे. दोघांच्या पिशव्या वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे उजव्याला पोटात जितकं वाढू देता येईल तितकं वाढू द्यायचं. ते पायाळू आहे, पाय खाली करून बसलंय, म्हणून ऑपरेशन करावं लागेल. तोवर रक्ताच्या तपासण्या वरचेवर करायच्या.

गणेशरावांनी विचारलं, "म्हणजे तोवर ती दोघांनाबी घेऊन चालणार?"

बाई म्हणाल्या, "हो."

 बाईंनी एवढं मात्र बजावलं, की तिला हळूहळू सांगा, लपवू नका. आम्ही मान हलवली. घरच्या कायद्यानं वागणाऱ्या माणसांनी हलवावी तशी.

बाहेर अश्विनी बाकावर बसून मोसंबी सोलत होती. सालीचा ढीग मांडीवर. तिनं विचारलं, काय म्हणाल्या? आणि माझ्या तोंडातून जे निघालं, ते मी आधी ठरवलेलं नव्हतं.

"डावं जरा बारीक हाय, म्हणत्यात. अशक्त. उजवंच सगळं खाऊन राह्यलं."

ती हसली. पोटाच्या उजव्या बाजूला तिनं एक चापट मारली. "ऐकलं का रे भस्म्या? त्याला बी ठेव थोडं."

गणेशराव पाणी आणायला म्हणून गेले ते बराच वेळ आले नाहीत.

अशक्त लेकरू

घरी आल्यापासून अश्विनीनं एक काम मनावर घेतलं. डाव्याला जपायचं.

डॉक्टरीणबाईंनी तिला पहिल्यापासून सांगितलं होतं, डाव्या कुशीवर झोपत जा. पोट मोठं झालं की पाठीवर उताणं झोपल्यावर आतली रक्ताची मोठी शीर दबते, मग चक्कर येते आणि बाळालाही रक्त कमी पडतं. जुळ्यात तर जास्तच. हे ती आधी बराबर पाळायची. आता पाळेना. डाव्या कुशीवर झोपलं की अशक्त लेकरावर उजव्याचा सगळा भार येतो, असं तिनं मनाशी धरलं. उजव्या कुशीवर झोपली की उजवं पायानं इतकं ढोसायचं की तिला दम लागायचा. मग ती उताणी झोपायची, आणि डाव्या अंगाला मऊ लुगड्याची घडी लावून ठेवायची. त्याला बोचू नये म्हणून.

मी ते लुगडं बघायचे आणि सैपाकघरात निघून जायचे.

झोपण्याच्या बाबतीत मी तिला काय तोंडानं बोलणार होते म्हणा. तिच्या वेळी मी केदारखेड्याला माझ्या माहेरी होते. मला कुणीतरी सांगितलं, पोटुशीनं पडल्या पडल्या कूस बदलली तर नाळ बाळाच्या गळ्याला गुंडाळते. कूस बदलायची तर आधी उठून बसायचं. मी तीन महिने तसं केलं. माझा बाप ओसरीतून ओरडायचा, ही पोरगी झोपून राह्यली का उठाबशा काढून राह्यली? आणि दवाखान्यात सिस्टरनं बीपीचा पट्टा दंडाला आवळला, तशी मी तिचा हात धरला. म्हटलं, सोडा बाई, लेकरू चेंगरंल. पट्टा दंडाला, लेकरू पोटात. त्या सिस्टरनं सगळ्या वॉर्डाला बोलावून मला दाखवलं.

अश्विनीला चक्कर यायला लागली. उताणी पडली की कानात सूं वाजायचं, घाम फुटायचा, ओठ पांढरे व्हायचे. आता आपल्याकडं चक्कर आलेल्या माणसाला काय करतात? आडवं करतात. आम्ही तिला आणखी सरळ आडवी करायचो, उशी काढून घ्यायचो, पाय दाबायचो, मीठ-साखरेचं पाणी पाजायचो. तिला उताणं झोपण्यानंच चक्कर येत होती आणि आम्ही औषध म्हणून तिला उताणं झोपवत होतो. ती उठून बसली की बरं वाटायचं. मी म्हणायचे, बघा, मीठ-साखरेनं कसा गुण आला.

तपासणीला गेलं की डॉक्टरीणबाई विचारायच्या, सांगितलं ना तिला? मी म्हणायचे, सांगितलं, पण तिच्यासमोर विषय काढू नका, लई रडती. हे इतकं सफाईनं बोलायचे की माझं मलाच खरं वाटायचं.

घरात आमचं आपसात जमेना झालं. आमचे हे म्हणायचे, सांगून टाक. गणेशराव मला म्हणायचे, मामी, तिला धक्का बसला आन् दुसऱ्याला काही झालं तर? मी दोघांनाही गप्प बसवायचे. एक दिवस आमचे हे जेवताना ताट सरकवून उठले आणि गोठ्यात जाऊन बसले. अश्विनीनं विचारलं, बाबांना काय झालं? मी म्हटलं, भाजी खारट झाली. तिनं चाखली. म्हणाली, "बराबर तर हाय." मी म्हटलं, तुझ्या तोंडाला चव न्हाई.

भूल देणाऱ्या बाई

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिला जालन्याला भरती केलं. दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. वय कमी, आवाज मोठा. पिढ्यान्‌पिढ्या जालन्यात दुकानं असलेल्या मारवाडी घरातल्या. मराठी आमच्यापेक्षा झणझणीत.

त्यांनी अश्विनीला पलंगावर बसवून सगळं सांगितलं. पाठीत इंजेक्शन द्यायचं, कमरेखाली काही कळणार नाही, पण तू जागी राहशील, बोलशील, बाळाचं रडणं ऐकशील. त्या इंजेक्शननं पायातल्या शिरा सैल पडतात आणि बीपी एकदम खाली येतं, जवळजवळ प्रत्येक बाईचं. ते येऊ नये म्हणून इंजेक्शनसोबतच सलाईन जोरात चालू करायची, बीपी धरून ठेवणारं औषध लगेच सुरू करायचं, आणि उजव्या कमरेखाली उशी घालून तुला डावीकडं कललेली ठेवायची. पट्टा मिनिटामिनिटाला आवळत राहील. "आन् एक काम तुझं. मळमळलं, छाती भरून आली, कान बंद झाल्यासारखे वाटले, तर त्याच घडीला मला सांगायचं. सोसायचं न्हाई. आपल्या बायांना सोसायची लई हौस. माझ्या टेबलावर सोसणं बिलकुल बंद."

मग त्यांनी तिला आडवं व्हायला सांगितलं. ती उताणी झाली. थोड्याच वेळात तिच्या कपाळावर घाम आला. बाईंनी पट्ट्याचा आकडा बघितला आणि म्हणाल्या, चल, डावीकडं वळ.

अश्विनी वळेना.

बाईंनी पुन्हा सांगितलं. अश्विनी म्हणाली, "मॅडम, डावीकडं नको. तिकडचं अशक्त हाय. उद्या बी मला सरळच ठेवा. मी सोसंन." आणि पलंगाची कड तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवली.

बाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी भिंतीकडं. त्यांनी तिला उठवून बसवलं, पाणी दिलं आणि मला आणि गणेशरावांना बाहेर नेलं.

"तिला माहीत न्हाई."

गणेशराव म्हणाले, मॅडम, एक विनंती हाय. तिला पूर्ण झोपवा. तिला काही कळायलाच नको. नंतर आम्ही बघून घेऊ. जो खर्चा लागंल तो लागू द्या.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "गरज पडली तर झोपवीनच. ती तयारी माझी असती. पण तुमच्या खोट्यापायी न्हाई झोपवणार. पाठीतल्या इंजेक्शननं तिला आन् आतल्या जित्या लेकराला दोघांना सोपं जातं. पण ती टेबलावर डावीकडं व्हायला नको म्हणून माझ्याशी झटापट करणार, बीपी खाली जाणार, आन् रक्त कमी कुणाला पडणार? जे हाय त्याला. जे गेलं त्याला जपता जपता तुम्ही राह्यलेल्याला मारून राह्यले."

गणेशराव जिन्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, मामी, माझ्यानं न्हाई होणार.

कायदा माझा होता. मोडायचाही मलाच होता.

सांगणं

खोलीत दुपारचं ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. मी दार लावलं. तिच्याजवळ बसले. विनोद करायची मला सवय. मयताच्या घरीसुद्धा मी बायांना हसवून आलेली आहे. त्या दिवशी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं.

मी म्हटलं, "आशू, डावं अशक्त न्हाई."

ती म्हणाली, "मंग?"

"गेलंय, बाई."

तिनं आधी माझ्या चेहऱ्याकडं नीट बघितलं, मी थट्टा करते आहे का म्हणून. माझ्यासारखी आई असली की लेकीला हेही तपासून घ्यावं लागतं.

मग विचारलं, "कधी?"

"मोसंबी खात होतीस त्या दिवशी. त्याच्या बी आधी, कधीतरी."

 तिचा हात आपोआप डाव्या बाजूला गेला, अर्ध्यात थांबला, कुठं ठेवावा हे न कळल्यासारखा. मग ठेवला तिथंच.

"मी त्याला जागा करून देऊन राह्यले होते, आई," ती म्हणाली.

मी तिला जवळ घ्यायला गेले. तिनं मला ढकललं. जोरात नाही. म्हणाली, तू बाहेर जा. मी गेले. एवढ्या आयुष्यात लेकीनं जा म्हटल्यावर मुकाट गेलेली ती पहिलीच वेळ.

 आत आवाज नव्हता. रडण्याचाही नव्हता. बऱ्याच वेळानं मी दार किंचित लोटून बघितलं. ती पाठीवर पडली होती. मग एक हात पोटाखाली घालून ती वळायला लागली. निजलेल्या लेकराला चुकून ओलांडायची वेळ आली तर आपण पाय कसा उचलतो, तशी. इंच-इंच. डाव्या कुशीवर गेली. आणि गेल्यावर उशीत तोंड घालून रडली.

मी दार पुन्हा लावून घेतलं.

टेबल

आतलं मला अश्विनीनं नंतर सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं.

पाठीत इंजेक्शन दिलं तेव्हा मुंगी चावल्यापेक्षा थोडं जास्त, एवढंच. मग पाय ऊन पाण्यात सोडल्यासारखे गरम झाले आणि आपले राहिले नाहीत. उजव्या कमरेखाली उशी सरकवली, टेबलही थोडं कललं. तिला वाटलं, आपण खाली पडू. भूल देणाऱ्या बाई तिच्या डोक्याशी बसल्या होत्या. हात तिच्या गालावर. काय चाललंय ते सांगत होत्या. आता सलाईन, आता औषध, आता पट्टा आवळंल.

थोड्या वेळानं तिला बारीकसं मळमळलं. सांगावं का नाही, या विचारात ती पडली. मॅडम कामात आहेत, एवढ्यातेवढ्याला कशाला, होईल आपोआप. हे तिचं बोलणं ऐकून मला माझं सगळं शिकवलेलं दिसलं. आमच्या घरात लेकींना पहिला घास भाकरीचा आणि दुसरा सोसण्याचा देतात. पण मग तिच्या मनात आलं, की आता सोसायचं ते एकटीनं सोसता येणार नाही, उजव्यालाही सोबत सोसावं लागेल. ती म्हणाली, "मॅडम, मळमळतंय."

बाई म्हणाल्या, शाब्बास. औषध वाढवलं. पट्टा आवळला, सुटला, पुन्हा आवळला. आकडा घसरायला लागला होता, तो थांबला आणि वर आला. मळमळ गेली. एवढीच ती गोष्ट. बाहेर कुणाला कळलीसुद्धा नाही.

तुमच्या घरी कुणाला हे इंजेक्शन द्यायचं असेल तर तिला तेवढं सांगून ठेवा. भिऊ नको, आणि सोसू नको.

मग पोटात कुणीतरी गाठोडं उपसावं तसं ओढल्यासारखं झालं, आणि रडणं ऐकू आलं. भरपूर, घसा फाडून. मुलगा. बाई तिच्या कानाशी म्हणाल्या, उजवा आला.

"मला माहीत होतं, आई," अश्विनी म्हणाली. "तरी मी दुसऱ्या रडण्याची वाट बघितली."

मी बाहेर होते. सिस्टर पोराला कापडात गुंडाळून घेऊन आली, तोंड फाकवून रडणारं, पाय झाडणारं. मी त्याला घेतलं. आणि मीच लेकीपासून लपवत आले होते, मला सगळ्यात आधी कळलं होतं, तरी माझी नजर सिस्टरच्या मागं गेली. तिच्या मागं आणखी कुणी येतंय का बघायला.

एक तरी

आता पोरगा रांगतो. पायाळूच्या लाथेनं धरलेली कंबर सुटते म्हणतात, म्हणून गल्लीतल्या बाया त्याची लाथ मारून घ्यायला येतात. तो कुणाला नाही म्हणत नाही.

येणारे-जाणारे म्हणतात, देवानं एक तरी ठेवलं. विहीणबाईंनीही फोनवर तेच म्हटलं, चांगल्या मनानं. अश्विनी मान हलवते. पूर्वी मीही असंच म्हणत असे, किती घरी म्हणून आले असेन. माझ्या जिभेला हाड नव्हतं आणि वर कौतुकाची सवय. आता कुणी म्हटलं की मी चहा ठेवायला उठते. एकाच्या हसण्यानं दुसऱ्याची जागा भरते, असं ज्याला वाटतं त्याला चहाच द्यावा. दुसरं काय देणार.

आम्ही खोटं बोललो त्यानं ते लेकरू गेलं असं नाही. डॉक्टरीणबाईंनी हे मला समोर बसवून सांगितलं. ते आधीच गेलं होतं, कुणाच्या हातात नव्हतं. पण त्या दिवसांत अश्विनी त्याच्यासाठी रडू शकली असती. त्याऐवजी ती त्याला जागा करून देत राहिली. तेवढे दिवस आम्ही तिच्याकडून काढून घेतले. ते परत करता येत नाहीत.

ऑपरेशननंतर तिला खोलीत आणलं तेव्हा पाय अजून जड होते. पोरगा तिच्या छातीशी लावला होता. ती म्हणाली, दुसरं दाखवा.

बाळंतिणीला तसलं दाखवत नाहीत. दूध आटतं म्हणतात. बाहेर गणेशराव आणि आमचे हे गाडी घेऊन थांबले होते. तान्ह्याला जाळत नाहीत, तीर्थपुरीला मोसंबीच्या बागेच्या कडेला पुरायचं ठरलं होतं. सिस्टर माझ्याकडं बघायला लागली, मोठी माणसं काय म्हणतात म्हणून. मी म्हटलं, आणा.

मुलगी होती. पांढऱ्या कापडात, हाताच्या ओंजळीत मावावी एवढी. सिस्टरनं अश्विनीला हळूच सांगितलं, चेहरा नका उघडू ताई, कातडी नाजूक झाली आहे. तिनं कापडाच्या टोकातून फक्त एक पाऊल बाहेर काढलं. गहू पेरताना मुठीतून सांडावेत तेवढी बोटं. पण सगळी होती. अश्विनीनं ती मोजली.

मग ती मला म्हणाली, "आई, हिला तीट लाव."

तीट लावतात ती दृष्ट लागू नये म्हणून. आता हिला कुणाची दृष्ट लागणार होती? माझ्या ओठावर ते आलं होतं. मी पिशवीतून काजळाची डबी काढली. त्या दवाखान्यात तान्ह्याला काजळ लावायला सक्त मनाई होती. सकाळीच त्याच सिस्टरनं दुसऱ्या एका आजीची डबी काढून घेतली होती.

मी करंगळी बुडवली आणि त्या तळपायाला एक ठिपका लावला.  सिस्टरनं कापडाचं टोक उचलून धरलं, पुसलं जाऊ नये म्हणून.